मयत ब्लासचं लग्न

असुन्सिओनच्या नोंदणी कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर माणसं येत नाहीत. येतात ती त्यांची नावं नि तारखा. माणसांनी काय भांडायचं ते तळमजल्याच्या खिडक्यांपाशी भांडावं, असा रिवाज. म्हणून त्या गुरुवारी हातात टोपी धरून एक साठीचा, रापलेला माणूस जिना चढून आला, त्याच्या मागे धापा टाकत एक ठसठशीत बाई आली, तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या.

"खालच्या खिडकीवरच्या पोरीनं पाठवलंय," बाई म्हणाली. "तुमचं मशीन ह्याला मेला म्हणतंय. म्हणाली, वर सुनिल्दाबाईंनाच दाखवा."

सुनिल्दा कबान्यास तिथली वरिष्ठ प्रोग्रामर. त्या जागेची जाहिरात निघाली तेव्हा विद्यापीठाची पदवी, दहा वर्षांचा अनुभव, दोन्ही राजभाषा आणि 'दबावाखाली शांत राहण्याची क्षमता' अशी मागणी होती. पदवी तिने दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गात मिळवलेली. गुआरानी आईच्या दुधातून आलेली. शांत राहणं मात्र जमायचं नाही. तिला प्रश्न पडले की पाय हलायला लागायचे. कामाच्या कागदावर लिहिलं होतं: प्रोग्राम रचणे, इतरांनी लिहिलेले तपासणे, नव्यांना शिकवणे, आणि मुख्य मशीनवर काहीही चढवण्याआधी सही करणे. सहीचा अधिकार तिचा एकटीचा. वरून साहेब आला तरी.

"बसा, कराई," ती गुआरानीत, आदरानं म्हणाली आणि तेरेरे या थंड पाल्याच्या पेयाचं शिंग भरून त्याच्यापुढे केलं. त्याने नळीने एका दमात सगळं ओढलं.

"मेलेला माणूस तहानलेला दिसतोय," कोपऱ्यातून कुणीतरी बोललं.

"बसनं आलोय बाबा. मेलेल्यालाही तिकीट लागतं," ब्लास ओर्तिगोसा म्हणाला.

बाईला हसू आलं नाही. तिचं नाव क्रेसेन्सिया. "पोरी, ऐक. ह्याच्याबरोबर मी तीस वर्षं संसार केला. पोरं झाली, नातवंडं झाली. लग्नाचं काढलं की हा गुरं बघायला जायचा. आता कुठं हो म्हणाला. शनिवारी लग्न. शनिवार हुकला तर ह्याला परत तीस वर्षं लागतील, आणि माझ्याजवळ तेवढी नाहीत."

ब्लासने टोपीकडे बघितलं.

सुनिल्दाने पडद्यावर शोधलं. ब्लास ओर्तिगोसा बियाल्बा, गाव ताकुरुती, मृत्यू ब्वेनोस आयरेस.

"तिकडे कोण वारलं?"

"माझा चुलतभाऊ. ब्लासच."

"वडिलांचं आडनाव ओर्तिगोसा, ते कळलं. पण आईकडचंही बियाल्बाच?"

"दोघा सख्ख्या भावांनी दोघी सख्ख्या बहिणींशी लग्नं केली. आम्ही दोघं एकाच पंगतीत वाढलो."

आता उलगडलं. महिनाभरापूर्वी ताकुरुतीच्या तालुक्यात नवा नियम चालवून पाहिला होता. नाव तेच, दोन्ही आडनावं तीच, गाव तेच, जन्मतारीख तीच, तर तो एकच माणूस. दोन ओळखपत्रं काढून बसलाय. दोन्ही नोंदी एक करा. इकडचा ब्लास तिकडच्यात मिसळला आणि त्याच्याबरोबर मेला.

पण तारीख? चुलतभावांचा जन्म एकाच दिवशी? सुनिल्दाचे पाय हलायला लागले. तिने ताकुरुतीतले सगळे म्हातारे पडद्यावर काढले. तीन फेब्रुवारी. तीन फेब्रुवारी. खाली सरकवलं, तरी तीन फेब्रुवारी.

"कराई, तुमच्या गावच्या आया सगळ्या एकाच दिवशी बाळंत व्हायच्या काय हो?"

"सान ब्लास संताचा दिवस तो," ब्लास म्हणाला, जणू एवढ्यात सगळं आलं.

"अहो, पण जन्म?"

"अगं, त्याला काय विचारतेस," क्रेसेन्सियाने तिच्याकडे खुर्ची ओढली. "त्या काळी नोंदीचा साहेब वर्षातून एकदा यायचा, घोड्यावर, सान ब्लासच्या जत्रेला. आंब्याखाली बसायचा. उशिरा नोंदवलं तर दंड. मग कुठली आई खरं सांगेल? कधी जन्मला? आजच, साहेब! माझ्या सासूनं, म्हणजे अजून व्हायचीय, ह्याच्या आईनं ह्याला नेला तेव्हा हा चालत गेला. साहेबाच्या ताटातला चिपाचा पाव उचलून खाल्ला. तरी साहेबानं लिहिलं, आज जन्मला."

"दात होते मला," ब्लासने अभिमानाने सांगितलं.

"आणि नाव?"

"दिवस सान ब्लासचा, मग नाव दुसरं काय ठेवणार? चुलतभावाचंही त्याच जत्रेत तेच लिहिलं," क्रेसेन्सिया म्हणाली.

सगळी खोली हसली, सुनिल्दा सोडून. उद्या सकाळी तोच नियम अख्ख्या देशावर चालवायचा होता. सही तेवढी राहिली होती.

दोघांना घेऊन ती सरळ संचालक फ्रेतेस यांच्या खोलीत गेली. तरुण माणूस, नवीन नेमणूक. बनावट ओळखपत्रं किती सापडली ते जाहीर करायला पत्रकार बोलावून बसलेला.

"इंजिनियरसाहेब, हा मयत. हा बघा."

"सुनिल्दा, एका माणसासाठी सगळं थांबवायचं? ह्याची नोंद हातानं वेगळी करा."

"ती करतेच. पण एक गाव नाही हो हे. जिथं जिथं घोड्यावरचा साहेब जत्रेला गेला, तिथं तिथं हेच. मी सही करणार नाही."

फ्रेतेस चिडून काही बोलणार, तोच थांबला. "माझी आजी सान हुआनच्या दिवशीची," तो हळू म्हणाला. "तिची सगळी भावंडंही. आम्हाला वाटायचं, एकाच केकमध्ये भागावं म्हणून." त्याने खुर्ची पुढे ओढली, "मग करायचं काय?"

"मशीननं संशय घ्यावा. निकाल माणसानं द्यावा, समोर बघून."

पत्रकारांना येऊ नका म्हणून फोन गेला. ब्लास त्याच संध्याकाळी पुन्हा जिवंत झाला, आणि नियमाच्या शेवटी सुनिल्दाने एक प्रश्न घातला.

शनिवारी तीही ताकुरुतीला गेली. आमंत्रण होतं, आणि आपला प्रश्न कसा वाचला जातो ते तिला बघायचं होतं. अंगणात टेबलावर लॅपटॉप ठेवून नोंदणीच्या बाई बसल्या होत्या. मागे मांस भाजत होतं. ब्लासचं नाव घातलं आणि बाई अडखळल्या.

"हे काय विचारतंय? 'हा माणूस आत्ता तुमच्या समोर उभा आहे का?'"

त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. बहुधा त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी समोरच्या माणसाचा चेहरा नीट बघितला.

"आहे उभा," त्या म्हणाल्या. "पण सारखा गुरांकडे बघतोय."

क्रेसेन्सियाने त्याचं कोपर घट्ट धरलं. "लिहा हो बाई, लवकर लिहा."