वरच्या मजल्यावरचा बगदादवाला

वरची खोली परदेशी विद्यार्थ्याला भाड्यानं दिली, की किस्से आपोआप साठत जातात! आमच्या चिकलठाण्याच्या घरात हैदर राहायचा. बगदादचा, फार्मसी शिकायला आलेला. मराठी माझ्याकडूनच शिकला, म्हणून बोलायचाही माझ्यासारखंच!

*

पहिल्याच उन्हाळ्यात ऐन परीक्षेत लाईट गेली. मी बोटं मोडत होते. हैदरनं शांतपणे विचारलं, "काकू, परत कधी येती?"

"लोडशेडिंग हे रे. चारला येईल."

तो ताडकन उठला. "वेळ सांगून जाती? क्या बात है! आमची लाईट तर बाहेरची फौज आली त्या दिवशी गेली, अजून धड आली नाय!"

*

आमचे हे आणि त्यांचे मित्र रोज ओट्यावर बसून जगाचं राजकारण करायचे. एकदा ह्यांनी हैदरला धरलंच. "बाहेरच्या फौजेनं तुमच्या हुकूमशहाला घालवलं. बरंच झालं की!"

"व्हय काका, घालवलं. त्याच्यासंगं सैन्य घालवलं, पोलीस घालवले, आमच्या शाळेचे हेडमास्तर पण घालवले. मग घरात चोर शिरले. बोलवायचं कोणाला?"

त्या दिवशी ओटा लवकर रिकामा झाला.

*

दुष्काळाच्या साली पाहणीला मंत्री आले. हेलिकॉप्टर गच्चीवरून इतक्या खालून गेलं, की पत्रे थडथडले! बघते तर हैदर जेवणाच्या टेबलाखाली!

सासूबाई वाकून म्हणाल्या, "भ्यायचं नाय लेकरा, नुसतं बघायला आलेत!"

खालून आवाज आला, "आजी, आमच्याकडं पण आधी बघायलाच आले होते!"

*

हैदरच्या धाकट्या भावाला, अलीला, परदेशी सैनिकांनी चौकातून उचलून नेलं होतं. तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. तो विषय आम्ही कधी काढत नसू.

त्याच दुष्काळात, एका दुपारी, हैदर जिन्यावरून अनवाणी धावत आला. "काकू! अली सुटला! अली घरी आला!"

हातात मोबाईल, त्यावर दाढी वाढलेला, हाडाची काडं झालेला पोरगा!

नेमका तेव्हाच दारात पाण्याचा टँकर आला होता. बातमी कळली आणि बायकांची रांगच मोडली! कोणी रडतंय, कोणी टाळ्या वाजवतंय. सासूबाईंनी मोबाईलवरूनच अलीची दृष्ट काढली!

हैदरनं कौतुकानं मोबाईल फिरवून त्याला सगळी गल्ली दाखवली. हंडे, ड्रम, पाईपसाठीची ओढाताण, आरडाओरडा.

अली बराच वेळ बघत राहिला. मग हळूच अरबीत काहीतरी बोलला.

"अरे, काय म्हणतोय?" मी विचारलं.

"विचारतोय, तुमच्याकडं कोणाची फौज आलीय?"