आठ जागांचा मंडप

दादा गेल्यावर घरी माणसं रडायला यायची आणि पाच मिनिटांत त्याच्या मंडपाचा किस्सा काढून हसायला लागायची. मग एकदम ओशाळायची. मी म्हणायचो, "हसा हो. रडून माझं तरी काय भलं झालंय?"

मंडप म्हणजे सिल्वासाच्या बागेतला तो गोल मंडप. डिझाइन नाशिकच्या आर्किटेक्ट मॅडमचं, सर्किट दादाचं. तो सामरवरणीच्या कारखान्यात टीव्हीची सर्किटं जोडायचा. मंडपात आठ जागा, प्रत्येकीखाली स्विच, वर दिवा. बसलं की आपला दिवा लागणार. आठही जागा भरल्या की घुमटातले रंगीत दिवे गोल फिरणार. मॅडमचं म्हणणं एकच, "अनोळखी माणसं शेजारी बसली पाहिजेत."

पहिल्या दिवशी लोकांनी चपला बाहेर काढल्या. डोकमर्डीच्या एका काकूंनी तर जागेला कुंकू लावलं.

दादा म्हणाला, "काकू, खाली स्विच आहे."

"असू दे. दिवा लागतो ना?"

मग तपासायला नगरपालिकेच्या ऑफिसचे साहेब आले. एकटेच बसले. "एवढं बांधकाम आणि दिवा एक?"

"साहेब, माणूसही एकच आलाय."

वॉचमन लक्ष्याभाऊंची कमाल वेगळी. बागेत कुणी नसलं की ते आठही जागांवर दगड ठेवून घुमट बघत बसायचे. दादाने आठवडाभर खपून टायमर बसवला. जागेवर पाच मिनिटं काही हललं नाही, की दिवा बंद. म्हणाला, "दगड हलत नाही. माणूस हलतो."

टायमरचा पहिला मान जोशी मास्तरांना. पेपर वाचता वाचता ते झोपले आणि दिवा विझला. लक्ष्याभाऊ पळत आले, मास्तरांच्या नाकापुढे बोट धरलं.

डोळे न उघडता मास्तर म्हणाले, "आहे रे, आहे."

दादा गेला त्याच महिन्यात आठवी जागा बंद पडली. साहेब म्हणाले, "दुरुस्त करणारा राहिला नाही. सगळं काढून ट्यूबलाइट लावू."

मी सातवी नापास. पण तोंडातून निघून गेलं, "शनिवारी या. चालू करून दाखवतो."

दादाची वही इंग्रजीत. मी नुसते वायरींचे रंग जुळवत बसलो. चौथ्या दिवशी एक सुटलेली काळी वायर सापडली. जोडली, जागा हाताने दाबली, दिवा लागला. बसलो मात्र नाही. टेस्टिंगला तिथे दादाच बसायचा.

शनिवारी संध्याकाळी मॅडम, मास्तर, काकू, लक्ष्याभाऊ, साहेब आणि बागेत फिरायला आलेलं एक जोडपं, असे सातजण बसले. मी पक्कड घेऊन उभा.

मॅडम म्हणाल्या, "बस ना."

बसलो. घुमट फिरायला लागला. सगळे माना वर करून बघत, एकमेकांना रंग दाखवत होते. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. किती वेळ, कोण जाणे. एकदम माझ्या डोक्यावरचा दिवा गेला आणि घुमट थांबला.

साहेबांनी खिशातून पेन काढलं.

समोरून लक्ष्याभाऊ ओरडले, "अरे हल ना! दगड आहेस का तू?"

मी हललो.