जावईबापूंचं चालतं फूल

आमचे जावईबापू शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, आणि कापायच्या टेबलाला लागून खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. टाकीत अॅनिमोन नावाचा समुद्रातला जीव आहे. दिसतो फुलासारखा, म्हणून आम्ही फूलच म्हणतो. पण हे फूल कोळंबी खातं आणि मनात आलं तर चालतंसुद्धा. आणलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं, आता जेवणाच्या ताटाएवढं झालंय. त्याच्या झालरीत एका केशरी माशाने बिऱ्हाड थाटलंय. भलेभले हौशी लोक वर्षभरात हे फूल मारून बसतात, म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून ते दाखवतो.

ऐन हंगामात एकदा चहा घेऊन स्टुलावर बसलो, तर फूल दगडावर नाही! काचेवरून सरकत निघालंय, थेट पाणी फिरवणाऱ्या पंपाकडे. पंपाच्या तोंडात सापडलं की चिंधड्या, आणि त्यांनी पाणी नासून मासाही जायचा.

आमची ही बाह्या सरसावून पुढे. उचलायचं आणि जागेवर ठेवायचं, एवढा काय विचार करायचा, असं तिचं म्हणणं.

"मामी, ओढू नका," जावई म्हणाले. "काचेला चिकटलेला पाय फाटला तर संपलं. माप घेताना मी गिऱ्हाइकाला ओढतो का?"

"तुमची गिऱ्हाइकं आपणहून येतात. हे निघून चाललंय."

"म्हणजे माझंच काहीतरी चुकलंय."

आधी त्यांनी कोटाच्या खांद्यात घालायचा स्पंजचा कोरा पॅड घेतला, धुतला, पंपाच्या तोंडावर बसवून नायलॉनच्या दोऱ्याने आवळला. पाणी आत जाईल, फूल जाणार नाही. मग मान वर करून बघत राहिले. भिंतीवरच्या दिव्यासमोर दांडी, आणि दांडीवर तयार लांब कोटांची रांग. फुलाच्या दगडावर सगळा अंधार, उजेड काय तो पंपाच्या बाजूला! ते बिचारं उजेड शोधत निघालं होतं. अशी चूक शिंप्याच्याच घरी व्हायची.

कोट उतरवले. पंपाच्या बाजूला अस्तराचं काळं कापड टांगलं, दगडावर उजेड सोडला आणि जावई पुन्हा मशीनवर बसले. हिला ते पटेना. जाता-येता टाकीत डोकावून, अजून तिथेच आहे, असं ऐकवत होती. जावई नुसते हसायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिनेच मला हाक मारली. फूल आपल्या दगडावर पाय रोवून, झालर पसरून बसलं होतं, आणि मासा आत लोळत होता. गिऱ्हाइकं कोट न्यायला आली, तेव्हा त्यांना फुलाची सगळी हकीकत हिनेच सांगितली, जणू कापड हिनेच टांगलं होतं.

आता तयार कोट मुलीच्या कपाटात असतात. तिच्या साड्या खुर्चीवर. कुणी विचारलं तर म्हणते, "आमच्याकडे फुलाला उजेड लागतो, बायकोला खुर्ची पुरते."

म्हणते, पण कपाट तिनेच रिकामं करून दिलंय.