चांद्याच्या दगडापर्यंत आठशे मीटर

आमच्या वस्तीवर भुताच्या गोष्टींना तोटा नाही, आणि त्या ऐकून सगळ्यात मोठ्याने हसणारी मी. पासली गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची पाच-सहा घरं, पण कुणाला ओढ्यात बाई दिसलेली, कुणाला खिंडीत म्हातारा तंबाखू मागत आलेला. मी विचारायचे, "मग दिली का नाही तंबाखू?" म्हातारी माणसं चिडायची. आई म्हणायची, तोंडाला जरा आवर घाल, तुझ्यावर वेळ आली की कळेल. आली ती वेळ. म्हणून हे लिहितेय. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसा, मीही हसलेच असते...

तर विषय होता पोलीस भरतीचा. आम्हा मुलींना ग्राऊंडला, म्हणजे मैदानी परीक्षेत, आठशे मीटर पळायचं असतं, जितकं लवकर तितके मार्क जास्त. लेखी माझी चांगली, गोळाही बरा जायचा. रनिंगला मात्र गाडी अडायची. दोन भरत्या तशाच गेल्या. शेवटच्या वळणाला पाय जड व्हायचे, आणि त्यात मला एक वाईट खोड — पळता पळता मागे वळून बघायची. भोरला कॉलेजात असताना मैदानावरचे सर ओरडून ओरडून थकले, "मागे काय ठेवलंय तुझं? मागे बघितलं की दोन पावलं गेली!" पण मेंढरांबरोबर वाढलेली पोर मी. आमच्यात चालताना दर थोड्या वेळाने मागे बघावंच लागतं, कोण राहिलं, कोण चुकलं. लहानपणापासून मानेला लागलेली सवय ती, सरांच्या ओरडण्याने कशी जाणार?

तिसरी भरती निघाली तेव्हा आबांचा गुडघा पार कामातून गेला होता. थोरली बहीण लग्न होऊन वरव्याला गेलेली. कळपामागे एकटी आई. तिने एका सकाळी चुलीपुढे बसून सांगून टाकलं, "पुजे, ह्या टायमाला बघ. न्हाई झालं तर दिवाळीनंतर मेंढरं तुज्याकडं. माज्यानं एकटीनं न्हाई हुत आता." रागाने बोलली असती तर मी भांडले असते. ती रागाने नव्हती बोलली, म्हणून फार लागलं. मेंढरं मला आवडतात, खोटं कशाला बोलू. पण जन्मभर त्यांच्या मागे चालायचं नव्हतं मला.

आमचे दाजी वरव्याजवळ एका कंपनीत कामाला आहेत. माणूस मोठा हौशी. दर रविवारी बाईकवर यायचे, माझं टायमिंग घ्यायला आणि सासूच्या हातचं मटण खायला. दुसरं कारण पहिलं, असं मी म्हणायचे. वस्तीच्या खालून वेल्ह्याकडे डांबरी रस्ता जातो. ओढ्यावरच्या मोरीपासून सुरुवात करून त्यांनी गाडीच्या मीटरवर आठशे मीटर मोजले. जिथे आकडा भरला तिथे, वळणावर, रस्त्याच्या कडेला गुडघाभर उंचीचा एक दगड होता. दाजींना तो आयताच सापडला. त्यांनी दगडावर चुन्याचा हा जाड पट्टा ओढला आणि खाली लिहिलं — 'फिनिश'. मी हसले. लांबून छान दिसत होता.

तो दगड चांद्याचा होता. आबांच्या तरुणपणी आमच्याकडे कपाळावर पांढरा ठिपका असलेला कुत्रा होता, चांद्या. गळ्यात एकच मोठं पितळी घुंगरू. कळपाच्या मागून चालायचा आणि जे मेंढरू रेंगाळेल त्याच्या टाचेला नुसतं तोंड लावायचा, दात न लावता. एका संध्याकाळी बिबट्या आला. चांद्याने सगळा कळप वर वस्तीला पोचवला आणि मागे राहिलेल्या एका कोकरासाठी परत खाली गेला. सकाळी तो त्या वळणावर सापडला. तिथेच पुरला, घुंगरासकट. तेव्हापासून वस्तीचं माणूस तिथून जाताना थांबतं, भाकरीचा तुकडा दगडावर ठेवतं आणि मग पुढे जातं. लहानपणी मीही ठेवायचे. पण रनिंगला ट्रॅक पँट घालून निघालेली मुलगी भाकरी कुठे घेऊन पळणार?

पट्टा मारल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तोरण्याच्या माथ्यावर ऊन आलं होतं, खाली रस्त्यावर अजून सावली. अर्धं अंतर पळून झालं असेल आणि मागून आवाज आला — छण्... छण्... छण्. बरोबर डांबरावर नखांची टकटक. कुणाचं तरी कुत्रं लागलंय पाठीला, असं वाटून मी मागे बघितलं. रस्ता मोरीपर्यंत रिकामा. थांबले, आवाज थांबला. पळाले, परत सुरू. मग मात्र मी जी सुटले ती दगडाला हात लावूनच थांबले. छाती फुटायची बाकी होती. मोबाईलवर टायमिंग बघितलं, तर आजवरचं सगळ्यात चांगलं. म्हटलं, बरंय, कान वाजले तर वाजले, फायदा झाला.

पण कान रोज कसे वाजतील? आणि रोज थोडे जवळून कसे वाजतील? तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पोटऱ्यांना गरम वाफ लागायला लागली. धापेची. एका सकाळी शेवटच्या टप्प्यात पाय जरा ढिले पडले आणि टाचेला काहीतरी ओलं लागलं. दगडाजवळ बसून मोजा बघितला, टाचेवर ओला. उन्हाळ्याचे दिवस, गवत वाळून कडकडीत, दवाचा थेंब कुठे नाही. घरी कुणाला एक शब्द बोलले नाही.

का नाही बोलले, तेही सांगते. माझी मागे बघायची खोड गेली होती. जे सरांना दोन वर्षांत जमलं नाही ते भीतीने आठवड्यात केलं. मागे बघायची माझी हिंमतच नव्हती! आणि टायमिंग रोज उतरत होतं, फुल मार्कांच्या जवळ. रस्त्यावर पाय टाकताना जीव मुठीत असायचा, तरी मी रोज जायचे.

रविवारी दाजींनी दगडाजवळ उभं राहून व्हिडिओ काढला. दुपारी आबांना दाखवायला बसले. "बघा आबा, आपली पुजा! रॉकेट झाली रॉकेट." आबांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला. मी वाट बघत होते, आता कौतुक करतील. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"पाव्हणं, परत लावा."

दाजींनी परत लावला. व्हिडिओत रस्त्याच्या वरच्या उतारावर आमची मेंढरं चरत होती, आई बाजूला उभी. मी खालून पळत आले आणि सगळी मेंढरं एकदम माना वर करून एकमेकांना चिकटली. घट्ट गोळा.

"ही कुणाला बघून गोळा झाली?" आबांनी विचारलं.

"पुजाला बघून असंल. लाल टी-शर्ट हाय की तिचा."

"माणूस पळाया लागलं की मेंढरू पांगतं, पाव्हणं. गोळा हुतं ते कुत्र्याला बघून. आन आपलं कुत्रं तवा हितं माज्या पायाशी बसल्यालं."

आई भाकरी थापता थापता थांबली. "मला बी वाटलं, वाघ आला का काय. म्या इकडंतिकडं लई बघितलं. काय बी नव्हतं." दाजींनी आवाज मोठा करून व्हिडिओ पुन्हा लावला. माझ्या बुटांचा आवाज, माझा श्वास, वारा. घुंगरू कुठेच नव्हतं. मला मात्र त्या वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. घुंगरू, धाप, टाच. आईने पिठाचा हात तसाच कपाळाला लावला. "देवा... त्येच्या दगडाला चुना फासला व्हय तुमी? आन भाकरी? इतक्या दिसांत यक तुकडा न्हाई?" दाजी बिचारे रडकुंडीला आले. त्यांना काय माहीत, ते बाहेरचे. आई म्हणाली, उद्याच्या उद्या दगड धुवायचा. आणि मी म्हणाले, "नको. ग्राऊंड होऊ दे, मग धुवा."

मग आबा हळू आवाजात म्हणाले, "आन त्या आधी त्येनं तुला धरलं, तर?"

मी हट्ट सोडला नाही, दगड तसाच राहिला. ते धरेल याची मला भीती होती आणि ते थांबेल याची त्याहून जास्त. वेडी म्हणा हवं तर, पण दिवाळीनंतरची ती मेंढरं मला डोळ्यांपुढे दिसत होती.

ग्राऊंड चार दिवसांवर आलं आणि त्याने धरलं. दगड अगदी समोर दिसत होता. उजव्या पायाला हिसका बसला आणि मी तोंडावर आपटले. दोन्ही तळवे सोलले. उठून बघितलं तर ट्रॅक पँटचा खालचा काठ फाटून लोंबत होता. कातडीला ओरखडासुद्धा नाही. आसपास काटा नाही, तार नाही, मोकळं डांबर. मी तिथेच रस्त्यात बसून मोठमोठ्याने रडले. भीतीने रडले, आणि रागानेही.

आबा त्याच दिवशी खाली आले. त्या गुडघ्याने, काठी टेकत, एवढा उतार उतरून. मला बादली धरायला लावली. विटेच्या तुकड्याने घासून घासून चुना काढला, दगड धुतला, आणि आईने दिलेली अख्खी भाकरी वर ठेवली. "पोर हाय आपली," एवढंच ते दगडाला म्हणाले. मी फुरंगटलेच होते.

दुसऱ्या दिवशी पळाले, तर मागे काही नाही. नुसता माझाच श्वास. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. टायमिंग ढासळलं. आणि मान परत मागे वळायला लागली... आता तर मी त्यालाच शोधत होते.

ग्राऊंडच्या दिवशी भल्या सकाळी शहरातल्या त्या मैदानावर आम्ही शेकड्यांनी पोरी बसलो होतो. चेस्ट नंबर लावला, पायाला वेळ मोजणारी चिप बांधली. दाजी बाहेर गेटला थांबले होते, त्यांना आत सोडलं नाही. दोन राऊंड मारायचे. शिट्टी झाली. पहिला राऊंड बरा गेला. दुसऱ्यात शेवटच्या वळणाला आले आणि पाय जड, नेहमीसारखे. मला कळलं, गेलं. आईचं चुलीपुढचं बोलणं आठवलं. मान मागे वळायला लागली, अर्धी वळलीसुद्धा —

छण्.

मागून नाही. पुढून.

मान आपोआप सरळ झाली. छण्, छण्, छण्, माझ्या पुढे, थोडं अंतर ठेवून, लांब लांब जाणारं. दिसत काहीच नव्हतं, समोर ऊन आणि पांढरी लाईन. मी त्या आवाजाच्या मागे गेले. कशी पळाले, पाय कुठे पडत होते, काही आठवत नाही. भीती मात्र अजिबात वाटली नाही, हे पक्कं आठवतं. लाईन ओलांडली आणि आवाज बंद झाला.

फुल मार्क पडले. पुढे लेखीही निघाली आणि यादीत नाव आलं. कळप आता चुलत्यांच्या कळपात मिसळलाय. आई घरी असते आणि दुपारची झोपायला शिकलीय.

ग्राऊंडवरून आले त्या संध्याकाळी आबांना सांगितलं, "आबा, ह्या वेळी आवाज मागून नव्हता. पुढून होता." आबांनी उपरण्याने डोळे पुसले.

"दिसभर त्यो मागंच असायचा. पर वस्तीचा शेवटचा चढ आला का मागचं सोडून पुढं पळायचा. त्येचं घुंगरू वाजलं का माजी आय दारात यायची. समदी आली, मागं कुनी न्हाई ऱ्हायलं, ह्ये सांगाया पळायचा त्यो."

ही गोष्ट आबांनी मला आधी कधीच सांगितली नव्हती. मी परत परत विचारून घेतलं. आईलाही माहीत नव्हती.

आता मी पंचनामे लिहिते. पंचनाम्यात 'असं वाटलं' लिहिलेलं चालत नाही. काय दिसलं, कुठे दिसलं, तेवढंच लिहायचं. त्या हिशेबाने माझ्याकडे एक फाटलेली ट्रॅक पँट आहे आणि गोळा झालेल्या मेंढरांचा व्हिडिओ आहे, बस. सोबतची एक मैत्रीण म्हणते, टेन्शनमध्ये माणसाला काहीही ऐकू येतं. असेल. मेंढरांना कसलं टेन्शन होतं, ते तिला सांगता येत नाही, आणि मलाही नाही.

सुट्टीला येते तेव्हा वळणाच्या अलीकडेच एसटीतून उतरते आणि दगडापर्यंत चालत जाते, भाकरी घेऊन. ती ठेवताना दर वेळी एकच गोष्ट डोक्यात येते. त्या दिवशी माझ्या बॅचमध्ये मी पहिली आले होते. माझ्या पुढे कुणीच पळत नव्हतं.