थोरलीचा फोटो

दोघी सख्ख्या बहिणी. आई लवकर गेली, वडील दम्याने खाटेला खिळले, आणि घराचा गाडा थोरलीच्या अंगावर आला. अख्खी गल्ली तिला थोरलीच म्हणायची आणि धाकटीला धाकटी. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या दारासमोरच, त्यामुळे जे घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते दोघींकडून वेगवेगळं ऐकलंय.

थोरली काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, मागे झगझगीत दिवा, आणि चीर गेलेली बाटली दिसली की तिने ती उचलून बाजूला टाकायची. दिवसभर उजेडात डोळे घालून संध्याकाळी ते गुंजेसारखे लाल व्हायचे. तिच्या पगारावर घर चालायचं. त्यातूनच धाकटीचा कॅमेराही आला. जुना, चार हात फिरून आलेला, पण कॅमेरा.

धाकटी एका फोटो स्टुडिओत नोकरीला होती. स्टुडिओ कसला, जिन्याखालची खोली. मालकाला सगळे मामा म्हणत. मामा बनायची पाळी मात्र नेहमी गिऱ्हाईकावर यायची. तिथं ओळखपत्रांचे फोटो निघत. "मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका," हे धाकटी दिवसभर म्हणायची. सुट्टीच्या दिवशी मात्र ती आपल्या मनाजोगे फोटो काढत फिरे. स्वतःच्याच खुर्चीत डुलकी काढणारा न्हावी, गच्चीवर केस वाळवत बसलेली म्हातारी, ट्रकच्या सावलीत जेवणारा ड्रायव्हर. मी एकदा सुईत दोरा ओवत होतो तो फोटो तिने मला दिला. माझं तोंड इतकं शहाणं दिसू शकतं हे मला तेव्हा कळलं.

हे फोटो घेऊन ती दारोदार हिंडली. लग्नाचे फोटो काढणारा म्हणाला, "मुलीच्या जातीला अवेळी कसं पाठवायचं?" जाहिरातवाल्याने विचारलं, "आधी कुणाकडे काम केलंय?" वर्तमानपत्राच्या कचेरीत फोटो बघणारे एक साहेब होते. त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर ती इतक्यांदा बसली की चहावाला तिला न विचारता कप द्यायला लागला. शेवटी साहेबांनी गठ्ठा पत्ते पिसल्यासारखा चाळला. "हात चांगला आहे," ते म्हणाले, "पण यात घडतंय काय? न्हावी झोपलाय. झोपू दे की."

ती रडवेली होऊन घरी आली की थोरली म्हणायची, "तू चिकाटी सोडू नकोस. मी आहे ना."

मग एका सकाळी थोरली डबा विसरून गेली. धाकटी स्टुडिओत जाता जाता तो द्यायला कारखान्यावर गेली, तर फाटकाला साखळदंड आणि भलंमोठं कुलूप. आदल्या दिवसापर्यंत कुणी अक्षरानं बोललं नव्हतं. बायका-पुरुषांची ही गर्दी! आतून मॅनेजर काचा लावलेल्या गाडीत बसून मागच्या दाराने निघाला आणि ते पाहून थोरली फाटकावर चढली. जिचा आवाज शेजारच्या खोलीत कधी गेला नाही, ती थोरली. एक चप्पल गळून पडलेली, केस सुटलेले, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, तोंड इतकं वासलेलं की आतले दात मोजावेत.

धाकटीने डबा जमिनीवर ठेवला आणि गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला.

"त्या घडीला ती माझी बहीण नव्हतीच," तिने मला पुढे सांगितलं. "उजेड बरोबर पडला होता. एवढंच दिसत होतं मला."

संध्याकाळी तिने तो फोटो थोरलीपुढे ठेवला. थोरलीने तो दिव्यापुढे धरला.

"मी एवढी भयानक दिसते?"

"भयानक नाही गं. खरी दिसतेस. देऊ का मी हा पेपरात? तू नको म्हणालीस तर नाही देणार."

"दे," थोरली म्हणाली. "कळू दे लोकांना. कदाचित कारखान्याचा दरवाजा उघडेल."

दरवाजा उघडला, पण धाकटीचा. फोटो पहिल्या पानावर आला, मग दुसऱ्या पेपरांत, मग भिंतीभिंतींवर. त्या वर्षीचं मोठं बक्षीसही त्यालाच. साहेबांनी तिला बोलावून नोकरी दिली आणि वर विचारलं, "इतके दिवस होतीस कुठे?"

"तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर," ती म्हणाली. ते खो खो हसले. त्यांना तो विनोद वाटला.

बक्षीस समारंभाला थोरलीलाही मानाने नेलं. व्यासपीठावर पुरुषभर उंचीचा फोटो, शेजारी ती. एक पाहुणे कौतुकाने म्हणाले, "ताई, तसाच एकदा आवेश आणा ना, शेजारी शेजारी छान दिसेल." थोरलीने ओठ असे मिटले की तिला पाणीसुद्धा विचारायची कुणाची छाती झाली नाही. टाळ्या मात्र पडल्या.

त्यानंतर थोरली कामासाठी जाईल तिथे तिच्याआधी तिचा फोटो पोचलेला असायचा. औषधांच्या कारखान्यात कारकून म्हणाला, "तुम्हाला ओळखपत्र कशाला? तुम्हाला कोण ओळखत नाही!" आणि अर्ज परत केला. बिस्किटांच्या कारखान्यात मुकादम आतून बघून गेला आणि बाहेर निरोप आला, जागा भरली. तिच्याबरोबर फाटकावर ओरडलेल्या सगळ्याजणी हळूहळू कुठे ना कुठे लागल्या. ओरडल्या सगळ्या, पण दिसली ती एकटीच.

घर आता धाकटीच्या पगारावर चालायला लागलं. थोरली जेवताना मान वर करीनाशी झाली. वडील खोकत खोकत म्हणाले, "एकीनं दुसरीला खाल्लं." धाकटी ताटावरून उठून गेली.

तिकडे कचेरीत तिच्या नावावर शिक्का बसला होता. आग लागली, इमारत कोसळली, इस्पितळाबाहेर माणसं छाती पिटत बसली, की पाठवा हिला. "रडणं हिच्यासारखं कुणाला जमत नाही," साहेब म्हणायचे. तिने एकदा ट्रक ड्रायव्हरांचे फोटो पुढे केले, तर म्हणाले, "हे तुझं काम नव्हे."

पुढे पेपराचा खप बसला, माणसं कमी केली, त्यात तीही गेली. आणि अशात बाटल्यांचा कारखाना नव्या मालकाने घेतला. कारखान्याच्या दिनदर्शिकेसाठी फोटो हवे होते, तेही नावाजलेल्या हातचे. बोलावणं धाकटीला आलं. मॅनेजर तोच जुना.

ती गेली. फोटो काढायच्या आधी तिने शब्द टाकला, "माझ्या बहिणीला परत घ्या. तिच्यासारखी नजर तुम्हाला मिळायची नाही."

"तुम्ही म्हणाल ते करू," मॅनेजर गोड हसून म्हणाला, "पण त्या बाईंचं तेवढं सोडून बोला."

हे ऐकून धाकटी निघून आली असती, तर मला सांगताना बरं वाटलं असतं. ती थांबली. पट्ट्यामागे बायकांना ओळीने उभं करून दुपारपर्यंत "हसा, अजून थोडं हसा" म्हणत राहिली. घरी आल्यावर तिने थोरलीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मी तेव्हा कपड्यांची पिशवी द्यायला गेलो होतो आणि उंबऱ्यातच अडकलो.

थोरलीने एवढंच विचारलं, "माझ्या जागी कोण आहे आता?"

"एक पोरगी आहे. जाड चष्म्याची."

"मग तिला बारीक चिरा दिसायच्या नाहीत," थोरली म्हणाली आणि पुढ्यातली भाजी निवडायला लागली.

वडील गेल्यावर धाकटीने गावाच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. स्वतःचा स्टुडिओ आहे, दिवे आहेत, हाताखाली माणसं आहेत. थोरलीला तिने हरतऱ्हेने बोलावलं, पण ती गेली नाही. थोरलीला शेवटी काम मिळालं ते एका आंधळ्या बाईंची देखभाल करायचं. "त्यांना कुठे माझं थोबाड दिसतंय," असं ती स्वतःच म्हणते आणि हसते; ते हसणं मला ऐकवत नाही.

धाकटी अधूनमधून येते. कॅमेरा गाडीतच ठेवून येते. दोघी समोरासमोर बसतात, नळाचं, भाड्याचं बोलतात. मग थोरली विचारते, "चहा घेणार का?"

पाहुण्याला विचारावं, तसं.