भोकं नसलेले डबे

आपल्या हाताला गुणच नाही, असं लेकीच्या मनाने घेतलंय आणि ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. ती नर्स आहे, एका खोलीत एकटी राहते. थंडी सरताच तिने खिडकीत पत्र्याच्या डब्यांत पुदिना, कोथिंबीर, टोमॅटो लावले. पेशंटसारखा प्रत्येकाचा तक्ता केला आणि दर चार तासांनी पाणी, तेही झोपमोड करून! तीनदा लावली, तिन्ही वेळा रोपं कुजली. डब्यांना खाली भोकंच नाहीत, हे मी पहिल्याच फोटोत पाहिलं होतं. पण सांगायला गेले की, ‘आई, नर्स तू आहेस की मी?’ म्हणून फोन ठेवते. आज म्हणाली, ‘उद्या डबे फेकणार.’ सकाळी तिची ड्युटी संपताच फोन करणार आहे. चिडली तर चिडो, हातात खिळा-हातोडी घेईपर्यंत तिला सोडणार नाही.