वाळवंटातले तीन दिवस

आमच्या कॉव्हेंट्रीच्या घरात जिन्याखाली एक कपाट आहे. केर ओढायचा हूव्हर, छत्र्या, जुने कोट, आणि सगळ्यात मागे बुटांचा एक खोका. त्या खोक्यात अ‍ॅरिझोनाचे फोटो आहेत. छत्तीस-छत्तीसचे तीन रोल काढले होते. बहुतेक फोटोंत मी आहे आणि मी हसते आहे, चांगली दात दाखवून. एरवी मी फोटोत अशी उभी राहते की बघणाऱ्याला वाटावं हिला कुणीतरी दंड केलाय. हे नेहमी म्हणायचे, "अगं, कॅमेरा चावत नाही."

त्या वेळी हसत होते कारण ते फोटो आईला पाठवायचे होते.

ते साल सत्त्याऐंशी. हे हॉस्पिटलमध्ये भुलीचे डॉक्टर. रजा साठवायची आणि एक वर्षाआड पुण्याला जायचं, हा आमच्याकडचा कायदाच होता, आणि आमच्याच कशाला, इथल्या सगळ्या मराठी घरांतला. इंग्रज शेजारी स्पेनला जायचे, आम्ही भावाच्या मुलाच्या मुंजीला. मला त्याचा कंटाळा आला होता, उगाच खोटं कशाला बोलू? ह्यांचा कॉलेजातला एक मित्र अ‍ॅरिझोनात टूसॉनला स्थायिक झाला होता. तो दर दिवाळीला पत्रात लिहायचा, या एकदा, इथे वाळवंट आहे, ऊन आहे, बघायला खूप आहे. त्या वर्षी रजा पुण्याची होती. मी म्हटलं, यंदा अमेरिका. हे म्हणाले, "आईंना काय सांगशील?" मी फोन लावला. आई म्हणाली, "जा गं, मजा करा. मला फोटो पाठव. आणि हसून काढ, मेलीचं तोंड कायम वाकडं."

म्हणून हसले.

ईस्टरच्या सुट्टीत गेलो. मुलगी नऊ वर्षांची होती. मित्राचं घर गावाबाहेर, मागच्या दारी कुंपणापलीकडे सरळ निवडुंग. पहिल्या दिवशी त्या निवडुंगांचंच रान बघायला गेलो. दोन-दोन पुरुष उंचीचे, हात वर करून उभे, चौकातल्या ट्रॅफिक हवालदारासारखे. मीही दोन्ही हात वर करून शेजारी उभी राहिले. "हा आईला पाठवायचा हं," मी म्हटलं, आणि ह्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी वाळवंटातलं प्राणिसंग्रहालय. पिंजरे जवळजवळ नाहीतच, दगडांत बसलेलं जनावर आपणच शोधायचं. एका जाळीच्या खोलीत अंगठ्याएवढे हमिंगबर्ड उडत होते. आमच्या कन्येचं मराठी तेव्हाही असंच: "आई, तो पक्षी किती छोटी आहे! लुक, लुक!" एक पक्षी माझ्या लाल स्कार्फला फूल समजून समोरच्या हवेत थांबला. तोही फोटो आहे. त्यात मी खरंच हसते आहे, आईसाठी नाही.

तिसरा दिवस मंगळवार. सिनेमासाठी बांधलेलं काउबॉय लोकांचं एक गाव तिथे आहे. लाकडी दुकानं, तुरुंग, धुळीचा रस्ता, सगळं खोटं. दुपारी तिथे खोटी मारामारी होते. दोघे पिस्तुलं काढतात, एक छपरावरून गवताच्या गाडीत पडतो आणि मरतो. मग उठून टोपी काढून वाकून नमस्कार करतो. मी टाळ्या वाजवल्या. शेजारी ह्यांनीही वाजवल्या. तिथे एक दुकान होतं, चांदीत निळे खडे बसवलेल्या दागिन्यांचं. मी नुसती बघत होते. हे म्हणाले, "घे. ती कुडी घे." मी म्हटलं, बरं वाटतंय ना तुम्हाला? हा माणूस पार्किंगचे पैसे वाचवायला अर्धा मैल चालायचा. पण घेतली त्यांनी. मला वाटलं, अमेरिकेचं पाणी लागलं वाटतं.

संध्याकाळी सगळ्यांनी आइस्क्रीम घेतलं. ह्यांनी घेतलं नाही. "दाढ दुखतेय."

बुधवारी पांढऱ्या चर्चमध्ये गेलो. वाळवंटात एकदम उभं राहिलेलं, चुन्यासारखं पांढरं, आतून मात्र रंगीबेरंगी. ह्यांनी एक मेणबत्ती लावली. घरी देवापुढे निरांजन लावायला सांगितलं तर ज्यांना काड्यापेटी सापडत नाही, ते! मी म्हटलं, "काय हो, बाटलात की काय?" ते म्हणाले, "सगळे लावतात म्हणून लावली." मी त्यांच्या हातातून कॅमेरा घेतला आणि त्यांचा फोटो काढला. सबंध ट्रिपमध्ये ह्यांचा तेवढाच फोटो. मेणबत्तीसमोर उभे आहेत आणि माझ्याकडे बघत नाहीत.

गुरुवारी जुन्या विमानांचं मैदान बघितलं. निवृत्त झालेली विमानं तिथे उन्हात आणून ठेवतात, कारण हवा इतकी कोरडी की काही गंजत नाही. शुक्रवारी डोंगरावर गेलो. शनिवारी निघालो.

रविवारी दुपारी कॉव्हेंट्रीच्या घरी पोचलो. नेहमीचा पाऊस. ह्यांनी चहा केला. ह्यांनी चहा केला तेव्हाच मला समजायला हवं होतं. मुलीला वर खेळायला पाठवलं, मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "तुझी आई गेली."

मी विचारलं, "कधी?"

"मंगळवारी."

"कुठल्या मंगळवारी?"

"ह्याच. गेल्या."

गेल्या मंगळवारी आपण कुठे होतो, हे मला लगेच आठवलं. तोंडातून आलं, "म्हणजे काउबॉयच्या गावात होतो." ते म्हणाले, हो. भावाचा फोन सकाळीच मित्राकडे आला होता, मी आंघोळीला गेले होते तेव्हा. भाऊ, हे आणि तो मित्र, तिघांनी मिळून ठरवलं. ती काही वेळेवर पोचत नाही. दहन उरकलेलं असणार. इतक्या लांबची ट्रिप, पुन्हा कधी होणार? होऊ दे. घरी गेल्यावर सांगू.

आपल्या लोकांत हे करतातच. परगावी असलेल्याला, परीक्षेला बसलेल्याला, बाळंतिणीला सांगत नाहीत. माझ्या लहानपणी आमच्याही घरी किती वेळा दारं लोटून कुजबुज झाली असेल. फक्त लोटलेल्या दाराच्या ह्या बाजूला मी कधी नव्हते.

मी रडले नाही. लोकांना वाटतं, सांगायची पद्धत आहे म्हणून सांगते, पण खरंच काही झालं नाही. उठून बॅगा उघडल्या, कपडे मशीनमध्ये टाकले. मोज्यांतून वाळू निघाली ती केरात टाकली. भाताचा कुकर लावला. संध्याकाळी भावाला फोन केला. तो म्हणाला, "गुरुजींना विचारलं. लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस, ते तर होऊन गेले. तू आता नुसती आंघोळ कर, झालं."

मी नुसती आंघोळ केली.

माझे तीन दिवस मी काउबॉयच्या गावात, पांढऱ्या चर्चमध्ये आणि जुन्या विमानांत घालवले होते. कानात नवी कुडी घालून.

रोल केमिस्टकडे धुवायला टाकले होते, ते आठवड्याने आले. मी निगेटिव्ह खिडकीशी धरून आकडे बघितले आणि फोटो नीट क्रमाने लावले. इथपर्यंत आई होती. इथून पुढे नव्हती. हवालदारासारखे हात वर केलेत तेव्हा होती. पक्षी समोर थांबला तेव्हा होती. गवताच्या गाडीपासून पुढे नाही. आणि पुढच्या प्रत्येक फोटोच्या वेळी मी म्हटलं होतं, "हा आईला पाठवायचा हं," आणि ह्यांनी "हस" म्हणून बटण दाबलं होतं.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. ह्यांना म्हटलं, "लाज नाही वाटली हसवताना?" ते म्हणाले, "तू इतकी खूश होतीस." मी म्हटलं, "खूश होते म्हणून? माझी आई होती ती! मला विचारायचं होतंत!" टूसॉनला फोन लावून त्या मित्रालाही चार शब्द सुनावले. तो बिचारा "वहिनी, वहिनी" करत राहिला. मग मुलीला समोर बसवलं आणि दोघांच्या देखत सांगितलं, ह्या घरात इथून पुढे कुणाची बातमी कुणापासून लपवायची नाही. जिथे असेल तिथे, ज्या क्षणी कळेल त्या क्षणी. मुलीने विचारलं, "प्रॉमिस?" मी म्हटलं, प्रॉमिस. हेही म्हणाले, प्रॉमिस.

ह्यांच्याशी पुढे दोनेक महिने मी कामापुरतंच बोलले. नंतर बोलायला लागले, कारण न बोलता संसार किती दिवस करणार? पण ते फोटो कुणाला दाखवले नाहीत. कुडीही पुन्हा घातली नाही.

मुलगी अठराची झाली. शाळेच्या शेवटच्या परीक्षा, ए-लेव्हल्स, झाल्या आणि युनिव्हर्सिटीला जायच्या आधी तिला कुठेतरी जायचं होतं. कुठे, तर टूसॉन. लहानपणी बघितलेलं सगळं पुन्हा बघायचं होतं. मैत्रिणीला घेऊन गेली, उतरली त्याच मित्राकडे. हे तिला सोडायला हीथ्रोला गेले होते. निघताना तिला म्हणाले, "फोटो काढ. आईसारखं तोंड करू नकोस, हस."

ती गेल्याच्या पाचव्या दिवशी, बुधवारी, हे सकाळी ड्यूटीवर गेले आणि दुपारी तिथेच गेले. हार्ट. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, हॉस्पिटलमध्ये असून. सिस्टरने त्यांचं घड्याळ, चष्मा आणि पेन एका पारदर्शक पिशवीत घालून माझ्या हातात दिलं आणि खूप गोड बोलली. काय बोलली ते आठवत नाही.

इथे माणूस गेला म्हणजे त्याच दिवशी नेत नाहीत. दहनाचा नंबर लागतो. आमचा पुढच्या बुधवारचा लागला. मुलीचं विमान रविवारचं होतं.

मी घरी आले आणि पहिला फोन टूसॉनला लावला. तिथे सकाळ होती. मित्रानेच उचलला. मी सांगितलं. तो रडायला लागला, पंचवीस वर्षांपासूनचा दोस्त गेला होता त्याचा. मग म्हणाला, "थांबा वहिनी, तिला बोलावतो. आंघोळीला गेली आहे."

आणि मी म्हटलं, "नको. तिला सांगू नका. येऊन तरी काय करणार? ट्रिप होऊ दे."

मग तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही?"

मी म्हटलं, हो, मी.

गुरुवारी तिचा फोन आला. मी ओट्याशी उभी होते, ती पिशवी समोर होती. "आई, यू वोन्ट बिलीव्ह, ते काउबॉयचा गाव अजून आहे! सेम माणूस छपरावरून पडतो!" मी विचारलं, आणखी काय बघितलंस? चर्च बघितलंस? विमानं? ती सांगत राहिली. मी "हो का?" म्हणत राहिले. माझाच आवाज मला ऐकू येत होता, गोड, सांभाळून लावलेला, आणि तो अगदी ह्यांचा आवाज होता. आइस्क्रीम नको म्हणतानाचा.

"बाबा कुठे आहे?"

"हॉस्पिटलमध्ये."

खोटं नव्हतं ते. तिथेच होते.

"त्यांना सांग, मी हसते आहे फोटोत."

"सांगते," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मला ह्यांना एकच विचारायचं होतं. पाच दिवस कसं जमवलंत हो? मला चार मिनिटं जमेनात. नऊ वर्षं ह्यांच्यावर राग धरला, आणि तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या चर्चमधल्या मेणबत्तीवरून मी त्यांना हसायला नको होतं.

सोमवारी सकाळी ती आली. चहा मी केला. तिने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कोट न काढताच खाली बसली. मी सांगितलं.

तिने विचारलं, "कधी?"

"बुधवारी."

ती बोटांवर दिवस मोजत राहिली. मी वाट बघत होते की आता ओरडेल, प्रॉमिसचं विचारेल. मला ते हवं होतं. ती म्हणाली, "म्हणजे काउबॉयचा गावात होते मी." मग उठली, बॅग उघडली आणि कपडे मशीनमध्ये टाकायला लागली. मोज्यांतून वाळू सांडली.

तिचा रोल त्याच खोक्यात आहे, धुवायला टाकलेला नाही. ती म्हणते, तू टाक. मी म्हणते, टाकते.